चवदार तळे आणि चार पायऱ्या

सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी त्या तळ्याच्या पाण्यासाठी २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला. इतिहास शिकवताना मी विद्यार्थ्यांना आवर्जून विचारतो : तळे कागदावर खुले होते, मग अडले कशावर?

हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत उभा राहिला आणि तो ओळखायला मला उशीर लागला. आठवीत चाकांच्या खुर्चीवर वावरणारा एक विद्यार्थी होता. वर्गाला चार पायऱ्या. दोन सवंगडी त्याला रोज उचलून वर नेत. परिपाठात आम्ही त्या दोघांचे कौतुक केले, टाळ्या झाल्या. उचलल्या जाणाऱ्याला काय वाटते, हे कोणीही विचारले नाही. पुढे गृहपालांच्या लक्षात आले की, हा मुलगा सकाळपासून शाळा सुटेपर्यंत पाणीच पीत नाही. पाणी प्यायले तर लघवीला जावे लागेल आणि जायचे तर पुन्हा दोघांना हाक मारावी लागेल. दर २० मार्चला महाडच्या पाण्यावर जेथे भाषणे होतात, तेथेच एक मूल तहानलेले बसत होते. भाषण करणाऱ्यांत मीही होतो.

शरीराची एकच ठेवण सर्वांची धरून जिने, दारे, फळे बांधायचे आणि त्यात न मावणाऱ्यालाच उणा ठरवायचे, हा अपंगत्वावरून होणारा भेदभाव होय. त्यासाठी द्वेष लागत नाही. आमच्याकडे द्वेष नव्हता. दया मात्र उदंड होती. गतजन्मीच्या पापाचे फळ ही समजूत आपण जातीच्या बाबतीत झुगारली. अपंगत्वाच्या बाबतीत ती आपल्या घरांतही अजून कानी पडते. ‘दिव्यांग’ हा सरकारी शब्दही मला खटकतो. ‘हरिजन’ या शब्दाला विरोध म्हणून बाबासाहेबांनी आपल्या पक्षाच्या सभासदांसह १९३८ मध्ये मुंबई विधानसभेतून सभात्याग केला होता. नाव गोड केल्याने पायरीची उंची कमी होत नाही.

राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या यादीत अपंगत्व नाही. ही उणीव कायद्यांनी भरून काढावी लागली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. शासनमान्य शाळांच्या इमारती सर्वांना वापरता येतील अशा करणे या कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे ठराव झालेला आहे. महाडचाही झाला होता.

आम्ही प्रथम पायऱ्यांवर सहा फुटांची फळी टाकली. खुर्ची मागे घसरे; ढकलायला दोघे लागतच. मग शास्त्र कळले : एक इंच चढायला बारा इंच लांबीचा उतार हवा. सहा इंचांच्या चार पायऱ्या म्हणजे दोन फूट उंची. म्हणून उतार चोवीस फूट, शिवाय दोन्ही बाजूंना कठडा. पुढची फुलझाडांची रांग काढावी लागेल म्हणून वर्षभर चर्चा चालली. आता त्याच उतारावरून धान्याची पोती गाडीवर चढतात, रविवारी भेटीला आलेल्या आज्या कठडा धरून वर येतात. तो विद्यार्थी मात्र तोवर दहावी होऊन निघून गेला होता.

आज त्या उतारावरून सहावीतली एक मुलगी स्वतःच्या हातांनी चाके फिरवत वर्गात येते. स्वच्छतागृहाचे दार अजून चोवीस इंचांचे आहे आणि तिची खुर्ची सव्वीस इंचांची. येत्या उन्हाळी सुट्टीत ती भिंत फोडायची आहे.