लांब पल्ल्याचा वैमानिक : पगार, झोप आणि घर

सहा तासांहून जास्त चालणारे उड्डाण साधारणपणे लांब पल्ल्याचे मानले जाते. मुंबई ते लंडन हा प्रवास नऊ-दहा तासांचा, तर मुंबई ते न्यूयॉर्क विनाथांबा उड्डाण पंधरा-सोळा तासांचे असते. अशा मार्गांवर बोइंग ७७७, बोइंग ७८७, एअरबस ए-३५० अशी वाइड-बॉडी विमाने धावतात. बहुतेक वैमानिक आधी काही वर्षे देशांतर्गत मार्गांवर लहान विमाने चालवतात आणि मग या विमानांकडे वळतात. पगार, भत्ते आणि प्रतिष्ठा या तिन्ही बाबतींत ही जागा वरची आहे. त्या बदल्यात झोपेची नियमितता आणि घरच्या दिवसांवरचा ताबा सोडावा लागतो.

पात्रता, खर्च आणि पहिली अट

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांनुसार कमर्शियल पायलट लायसन्ससाठी (सीपीएल) किमान वय १८ वर्षे असावे आणि किमान २०० तासांचे उड्डाण झालेले असावे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. हे विषय नसलेले विद्यार्थी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ते पूर्ण करतात. उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही नावाजलेली सरकारी संस्था आहे. महाराष्ट्रात गोंदिया आणि बारामती येथे उड्डाण प्रशिक्षण मिळते.

लायसन्स आणि विशिष्ट विमान चालवण्याची पात्रता, म्हणजे टाइप रेटिंग, धरून एकूण खर्च ५० लाखांपासून १ कोटी रुपयांच्या आसपास जाऊ शकतो. म्हणून फी भरण्याआधी, कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी क्लास-१ वैद्यकीय तपासणी उरकणे शहाणपणाचे ठरते. त्यासाठी आधी क्लास-२ तपासणी होते. चष्मा असल्याने सहसा अडत नाही, पण रंगांधळेपणासारखा दोष प्रशिक्षणानंतर उघड झाला तर खर्च वाया जातो. लायसन्स मिळाल्यावर नोकरी लगेच मिळेल, याची खात्रीही कोणी देत नाही.

कॉकपिटमधील काम

अतिलांब उड्डाणात चार वैमानिक असतात. दोघे कॉकपिटमध्ये बसतात, दोघे वैमानिकांसाठीच्या बंक-कक्षात विश्रांती घेतात आणि ठरलेल्या वेळी पाळी बदलते. बराच काळ विमान ऑटोपायलटवर असते. तेव्हा इंधन, हवामान, वाटेतील पर्यायी विमानतळ आणि नियंत्रण कक्षाशी संपर्क यांवर लक्ष ठेवावे लागते.

एका उड्डाणात लँडिंग एकच आणि वैमानिक चार, त्यामुळे प्रत्यक्ष विमान उतरवण्याची संधी क्वचित येते. नियमानुसार ९० दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग व्हावी लागतात. ती प्रत्यक्षात झाली नाहीत तर सिम्युलेटरवर पूर्ण करावी लागतात. देशांतर्गत मार्गावर एका दिवसात तीन-चार लँडिंग होऊ शकतात. ज्याला हाताने विमान चालवण्याचीच ओढ आहे, त्याला ते काम अधिक रुचते.

शरीरावरचा परिणाम

मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघालेले विमान न्यूयॉर्कला तिथल्या सकाळी उतरते. त्या वेळी भारतात संध्याकाळ असते. दोन्ही शहरांत उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण एक तास जुळवून घेते, आणि पूर्वेकडे प्रवास करताना ते अधिक जड जाते. शरीर जुळवून घेईपर्यंत परतीचे उड्डाण आलेले असते. झोपमोड, पचनाच्या तक्रारी आणि साचत जाणारा थकवा यांना त्यामुळे तोंड द्यावे लागते.

म्हणूनच डीजीसीएने ३६५ दिवसांत उड्डाणाची मर्यादा १,००० तास ठरवली आहे आणि २०२४ च्या सुधारित नियमांत साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास केली आहे. उड्डाणाआधी १२ तास मद्य वर्ज्य असते.

घर आणि कुटुंब

वैमानिकाचे महिन्याचे वेळापत्रक म्हणजे रोस्टर. लांब पल्ल्याच्या एका फेरीत चार-पाच दिवस बाहेर जाऊ शकतात, पण त्यानंतर सलग काही दिवस घरी मिळतात. मुलांसोबत अख्खे दिवस घालवता येतात, मात्र गणपती, दिवाळी किंवा घरचे लग्न नेमके त्याच दिवसांत येईल असे नाही. सेवाज्येष्ठता वाढल्याशिवाय पसंतीच्या सुट्ट्या सहसा मिळत नाहीत. जोडीदाराची नोकरी आणि आजी-आजोबांचा आधार या गोष्टी निर्णायक ठरतात. गरोदरपणात मोठा काळ उड्डाण बंद राहते, त्यामुळे मुलींनी कंपनीचे प्रसूतिविषयक धोरण आधीच पाहावे. भारतात महिला वैमानिकांचे प्रमाण सुमारे १५ टक्के असून ते जागतिक सरासरीच्या कितीतरी पुढे आहे.

उत्पन्न आणि जोखीम

पगार महिन्याला लाखांत जातो, पण त्याचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांशी बांधलेला असू शकतो. २०२० मध्ये कोरोनामुळे विमाने जमिनीवर आली, तेव्हा हे उत्पन्न झपाट्याने घटले. किंगफिशरची उड्डाणे २०१२ मध्ये, जेट एअरवेजची २०१९ मध्ये आणि गो फर्स्टची २०२३ मध्ये थांबली. दुसऱ्या कंपनीत गेल्यावर ज्येष्ठता बहुधा तळापासून सुरू होते. राजीनाम्याच्या नोटिशीची मुदतही मोठी असते : २०१७ च्या नियमानुसार कॅप्टनसाठी एक वर्ष आणि सहवैमानिकासाठी सहा महिने.

वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरल्यास उड्डाण त्या दिवसापासून थांबते. लॉस ऑफ लायसन्स विमा, काही महिन्यांचा घरखर्च भागेल इतकी शिल्लक आणि वेगळ्या क्षेत्रात उपयोगी पडणारी पदवी ही तीन संरक्षणे नोकरीच्या सुरुवातीपासून असावीत. सीपीएलसाठी पदवीची सक्ती नाही, तरीही मुक्त किंवा दूरस्थ पद्धतीने ती पूर्ण करता येते.

निवड करताना

अवेळी झोपूनही ताजेतवाने राहणारा, एकटेपणा सहन करणारा आणि तासन्‌तास शांतपणे लक्ष ठेवू शकणारा विद्यार्थी या कामात टिकतो. ज्याला रोज संध्याकाळी घरी परतायचे आहे, त्याच्यासाठी जवळच्या मार्गांवरील उड्डाण किंवा प्रशिक्षक-वैमानिकाचे काम जास्त सोयीचे ठरू शकते. एअर ट्रॅफिक कंट्रोलमध्ये पाळ्या असतात, पण मुक्काम एकाच शहरात राहतो. पालकांनी कर्जाचा हप्ता ठरवताना लायसन्सनंतर वर्ष-दोन वर्षे नोकरी लागणार नाही, असे धरून हिशेब मांडावा.