बॅटरी बदलण्याआधी

‘काका, बॅटरी गेलीय. नवी टाका.’ पुण्यात हे वाक्य ऐकलं नाही असा दुचाकीवाला विरळा. आम्हाला ते बोटीच्या निमित्ताने ऐकावं लागलं, तेही एकाच मोसमात दुसऱ्यांदा. पहिल्यांदा ऐकल्यावर मित्राने मुकाट्याने नवी बॅटरी आणली होती.

बोट म्हटलं की पुणेकराला सीओईपीची रेगाटा आठवते. ती परंपरा १९२८पासूनची, पण सगळी वल्ह्यांची. आमची बोट अगदीच साधी. मुळशीच्या बॅकवॉटरला मित्राच्या शेताच्या कडेने बांधलेली फायबरची होडी, मागे लटकवलेली पेट्रोलची मोटर. पुराच्या बचावकार्यात जिला ‘ओबीएम’ म्हणतात तीच जात, फक्त आमची बटणावर सुरू होणारी. बटण आलं की बॅटरी आली आणि बॅटरी आली की तिला चार्ज करणारी यंत्रणा आली.

नव्या बॅटरीला दोन महिने होत आले होते. पंख्यात नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा गुंतला म्हणून पाण्याच्या मध्यावर मोटर बंद केली, जाळं काढलं, बटण दाबलं. नुसतं ‘कट’. पुन्हा ‘कट’. वारा आम्हाला समोरच्या काठाकडे ढकलत होता. लहान मोटरींना संकटकाळासाठी दोरी दिलेली असते. वरचं झाकण काढायचं, फ्लायव्हीलच्या खाचेत दोरीची गाठ अडकवायची आणि ओढायचं. फिरत्या फ्लायव्हीलजवळ बाही किंवा गळ्यातला पंचा जाऊ द्यायचा नाही, एवढंच पथ्य. मोटर धरली. मग परतीच्या वाटेवरच, इंजिन चालू असताना, मी मल्टिमीटरच्या दोन सुया बॅटरीच्या टर्मिनलांना लावल्या. १२.१ व्होल्ट. मित्राला वेग वाढवायला सांगितलं. आकडा जागचा हलला नाही.

तिथेच कळलं की तिसरी बॅटरी आणणं म्हणजे तळाला भोक पडलेल्या टाकीत टँकर ओतणं.

हे मल्टिमीटर तपकीर गल्लीत काही शे रुपयांत मिळतं, आणि बोट असो वा स्कूटर, बॅटरीच्या किमतीपुढे ते किरकोळच. त्यावर वाचायचे आकडे दोनच. बॅटरी काही तास निवांत पडून राहिली की मग मोजायचं. १२.६ किंवा १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२च्या खाली म्हणजे उतरलेली. नुकतीच चार्ज केली असेल तर आकडा फसवा चढतो, म्हणून आधी दोनेक मिनिटं दिवा लावून ठेवावा. दुसरा आकडा इंजिन मध्यम वेगात चालू असतानाचा. तो १३.८ ते १४.५च्या दरम्यान हवा. १२वरच घुटमळत असेल तर चार्जिंग होत नाही. १५च्या वर जात असेल तर जास्त होतंय. मग बॅटरीतलं पाणी उकळून संपतं आणि दोष पुन्हा बॅटरीच्याच माथी येतो. आमच्या मेकॅनिकने यातलं काही मोजलं नव्हतं, बटण दाबून निदान केलं होतं. त्याला एकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक मोजायला सांगत नाही, दुकानदाराला बॅटरी विकायची असते.

रचना समजली की शोध सोपा होतो. इंजिनावर फिरणाऱ्या फ्लायव्हीलच्या आत चुंबकं बसवलेली असतात. त्यांच्या पोटात तांब्याची कॉइल स्थिर असते. चुंबकं फिरली की कॉइलमध्ये एसी वीज तयार होते. बॅटरीला डीसी लागतो, म्हणून मध्ये रेक्टिफायर. व्होल्टेज हाताबाहेर जाऊ नये म्हणून त्याच डब्यात रेग्युलेटर. पुण्यातल्या बहुतेक मोटरसायकलींतही नेमकं हेच आहे. नाना पेठेत ‘आर.आर. युनिट’ म्हणून मागितलात तर पन्हाळ्या असलेला ॲल्युमिनिअमचा जो डबा समोर येतो, तो हाच. पन्हाळ्या कशासाठी? कॉइल आपली वीज बनवतच राहते; बॅटरी भरली की जास्तीची वीज बहुतेक रेग्युलेटर पुन्हा कॉइलकडेच वळवून जिरवतात आणि तापतात. चिखलाने माखलेला किंवा पत्र्यावर नीट न टेकलेला डबा लवकर मरतो.

तपास बॅटरीपासून सुरू करून इंजिनाकडे जायचा, आणि डोळ्यांनी दिसतं ते आधी. आमच्या बॅटरीच्या धन टर्मिनलवर एकावर एक पाच वायरी चढवलेल्या होत्या. तळाशी मोबाइल चार्जरची बारीक वायर, मग हॉर्न, दिवा, गाण्याच्या डब्याची वायर आणि सगळ्यांच्या वर स्टार्टरची जाड केबल. हे सगळं आवळलेलं बोटांनी फिरवायच्या फुलपाखरी नटाने. मी केबल हलवली तर ती घड्याळाच्या काट्यासारखी वळली. खाली पांढरट हिरवी पूड साचली होती. बोट लाटांवर आपटते, मोटर थरथरते. बोटांनी आवळलेला नट त्यात टिकत नाही. जाड केबल सर्वांत खाली, थेट शिशाला भिडलेली हवी, त्यावर बारीक वायरी आणि वर पान्याने आवळलेला षटकोनी नट. साफ करून घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीनचा हात.

नट आवळला, तरी इंजिन चालू केल्यावर आकडा तोच. फ्यूज काढून पाहिला, शाबूत होता. (तो उडाला असता तर सगळं धडधाकट असूनही चार्जिंग शून्य दिसलं असतं, आणि तो शोधायला दोन मिनिटं पुरली असती.) मग कॉइल. तिच्यातून एकाच रंगाच्या तीन वायरी येतात. जोडणी सोडवून दोन-दोनच्या जोड्या मोजायच्या. तिन्ही जोड्यांचा रोध जवळपास सारखा आणि अगदी कमी, बहुधा एक ओहमच्याही आत. स्वस्त मीटरच्या सुया एकमेकींना टेकवल्या तरी ०.३ वगैरे दाखवतात, ते वजा करायचं. कुठल्याही वायरीतून इंजिनाच्या बॉडीला वाट मिळता कामा नये. पण थंड कॉइल या परीक्षेत पास होऊन गरम झाल्यावर नापास होऊ शकते, म्हणून माझा भरवसा पुढच्या परीक्षेवर जास्त: मीटर एसीवर ठेवून इंजिन चालवायचं आणि तिन्ही जोड्यांचे व्होल्ट वेगाबरोबर सारखेच चढतात का ते बघायचं. आमचे चढले. कॉइल ठीक होती.

इथे एक सूचना. बोटीची मोटर कोरडी चालवायची नाही. थंड करणारं पाणी ओढणारा रबरी पंखा पाण्याविना थोड्या वेळातच जळतो. काठावर मोठ्या पिंपात पाणी भरून, मोटरीचा पाय त्यात बुडवून, बोट ढकलणारा मागचा पंखा काढून ठेवून ही तपासणी करा.

राहिला रेक्टिफायर. मीटरच्या डायोड खुणेवर एका दिशेने ०.५च्या आसपास आकडा, सुया उलट केल्या की काहीच नाही, असं दिसायला हवं. आमच्या तीनपैकी एका वायरीवर दोन्ही दिशांना वाट मोकळी होती. डायोड गेला होता. नवा डबा बसवला, मीटर १४.२वर जाऊन स्थिरावलं.

दुकानात काम इथे संपतं. पण डायोड आपसूक जात नाही. चालू इंजिनात बॅटरीची जोडणी क्षणभर जरी सुटली, तरी कॉइलची वीज कुठे जाऊ शकत नाही आणि व्होल्टेज एकदम उसळतं. तो घाव रेक्टिफायरवर बसतो. लाटेसरशी वळणाऱ्या त्या केबलने हेच केलं असणार. नट तसाच ठेवून नवा डबा लावला असता तर काही दिवसांनी तोही गेला असता, आणि मग कुणीतरी म्हणालं असतं, ‘हल्ली माल चांगला येत नाही.’

याच कारणाने एक जुनी युक्ती मला बघवत नाही. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची. इंजिन चालू राहिलं तर ‘चार्जिंग ओके’. डायनॅमोच्या जमान्यात ती खपून गेली. आज पेठेतल्या एखाद्या गॅरेजात हे कुणी तुमच्या गाडीवर करू लागलं, तर हात धरा.

सगळं ठीक असूनही बॅटरी उतरते, त्याचा हिशेब वेगळा. स्टार्टर १०० अँपिअर ओढतो आणि ३ सेकंद फिरतो असं धरा. एवढी वीज ५ अँपिअरच्या चार्जिंगने एका मिनिटात भरून निघते. म्हणजे सेल्फ मारल्याने बॅटरी सहसा बसत नाही. बसते ती मोटर बंद ठेवून चार तास गाणी आणि दिवा लावल्याने. ५ अँपिअरने चार तासांत २० अँपिअर-तास जातात. आणि हळू फिरताना लहान मोटर नावापुरतंच चार्ज करते. सिग्नलला हेडलाइट आणि ब्रेकलाइट लावून उभ्या असलेल्या मोटरसायकलचंही थोडंफार असंच.

पावसाळ्यात होडी पालथी घालून ठेवलेली असते, तेव्हा बॅटरी घरी आणावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी. रिकामी पडलेली बॅटरी आतून सल्फेटच्या थराने मरते. चार्ज करताना हायड्रोजन निघतो, म्हणून देवघराच्या कोपऱ्यात किंवा बंद कपाटात नको, बाल्कनीत बरं. २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं होतं. बोटीची गरज अशी न सांगता येते, आणि तेव्हा बॅटरी चार्जरला लावून बसायला वेळ नसतो. बचावाच्या बऱ्याच मोटरी अजून दोरीवरच सुरू होतात, ते मला मागासलेपणाचं वाटत नाही.

मोटरसायकलचा डबा बोटीला चालेल का, असं मित्राने विचारलं होतं. तीन वायरींचा, तेवढ्याच अँपिअरचा आणि कॉइलला जुळणारा असेल तर चालतोही; गोड्या पाण्यात लोकांनी चालवलेले आहेत. पण इंजिनाच्या वेगाचा काटा चुकीचा आकडा दाखवू शकतो, आणि पाण्यापासूनचं सील कसं आहे हे बाहेरून कळत नाही. एकट्याने गळ टाकायला जाणार असाल तर तुमची मर्जी. शेजाऱ्यांची मुलं बसणार असतील तर कंपनीचाच भाग घ्या, आणि निघण्याआधी वल्ही आणि दोरी बोटीत आहेत का ते पाहा.