मधली पेंडी काढून बघा

ससा घरी आणणारे लोक पिंजऱ्याची चौकशी करतात, गाजराची करतात, नावाचीही करतात. गवताची करत नाहीत. प्रत्यक्षात वयात आलेल्या सशाच्या पोटात जे जातं त्यातला ऐंशी टक्क्यांच्या आसपासचा भाग वाळलेलं गवत असायला हवा. गाजर त्याच्या लेखी पेढा आहे, कधीतरी, तुकडाभर. त्यामुळे सशाचं बरंवाईट बव्हंशी गवतावर ठरतं, आणि गवत पारखणं ही गोष्ट शहरात आपण पूर्ण विसरलो आहोत.

आमच्याकडे ठमी आणि चिंगी अशा दोघी आहेत. पुण्यातल्या एका ऐन पावसाळ्यात ठमीनं संध्याकाळचं खाणं टाळलं. अंग आखडून कोपऱ्यात बसली, दात करकरा वाजवू लागली. सकाळी बघते तर तिच्या ट्रेमध्ये एकही लेंडी नाही. डॉक्टरांनी पोट चाचपून सांगितलं की आतड्यांची हालचाल मंदावली आहे. सलाईन, वेदनाशामक, आतडी हलवायचं औषध असं सगळं झालं आणि ती वाचली. पण मला लक्षात राहिलं ते त्यांचं पुढचं वाक्य: “ताई, गवत घेऊन या. वरचं मूठभर नको, अख्खी पिशवी.”

पिशवी त्यांनी वर्तमानपत्रावर पालथी केली. वरचा थर हिरवा, सुगंधी. मधोमध मात्र राखाडी-पांढरे गठ्ठे, काड्या एकमेकींना चिकटलेल्या आणि कुबट वास. बुरशीनं थेट विषबाधा झाली असं डॉक्टर म्हणाले नाहीत. त्यांचा तर्क साधा होता. दोनतीन दिवस गवताला वास येत असल्यामुळे ठमीनं ते बाजूला सारलं असणार, पोट दाणेदार खाद्यावर भरलं असणार आणि तंतूच मिळाला नाही म्हणून आतडी थंडावली असणार. सशाला उलटी करता येत नाही. आत गेलेलं पुढेच सरकावं लागतं, आणि ते सरकवायचं काम न पचणारा जाड तंतू करतो.

फलटणकडच्या माझ्या मामांकडे दुभती जनावरं आहेत. हे ऐकल्यावर ते म्हणाले, “एवढं कशाला? लसूणघास घाल, कोवळी, हिरवीगार.” गाईच्या बाबतीत मामांचा शब्द मी कधी खाली पडू देणार नाही. पण गाईचं गणित सशाला लागू पडत नाही, आणि आपल्याकडे चाऱ्याचं जे ज्ञान आहे ते सगळं गाईम्हशींचं आहे. त्यात चांगला चारा म्हणजे दूध वाढवणारा, प्रथिनं असलेला, मऊ. गाईला कोठीपोट आहे, ती रवंथ करते, आणि चाऱ्यातल्या काही विषारी द्रव्यांचा निकाल कोठीपोटातले जिवाणूच लावून टाकतात. सशाला ती सोय नाही. त्याच्याकडे अन्न आंबवायचं काम पार मागे, आंधळ्या आतड्यात होतं. शिवाय सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन मिलीमीटरच्या आसपास. ते झिजतात गवताची काडी तासन्‌तास दळल्यामुळे. मऊ, सकस चारा पटकन संपतो आणि दात तसेच राहतात.

लसूणघास द्विदल आहे. तिच्यात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर. साधारण सहा महिन्यांच्या आतल्या वाढत्या पिल्लांना आणि पाजणाऱ्या मादीला ती चालते. मोठ्या सशाला रोज घातली तर लघवी दाट, पांढरट होऊ लागते, कारण सशाचं शरीर खाण्यातलं बहुतेक कॅल्शियम शोषून घेतं आणि जादाचं लघवीवाटे टाकतं. मग मूत्राशयात गाळ साठतो. दुसऱ्या टोकाला भाताचा पेंढा. स्वस्त आणि स्वच्छ असतो, खाली अंथरायला उत्तम, पण तो खाऊन ससा जगेल ही अपेक्षा करू नये. उसाचं वाढंही नको; त्यातलं ऑक्झलेट जनावरांच्या अंगातलं कॅल्शियम ओढतं हे पश्चिम महाराष्ट्रातल्या गोठेवाल्यांना ठाऊक आहे. मूरघास तर सशासमोर आणूच नये.

मग घ्यायचं काय? माझ्या मते माळरानावरचं मारवेल किंवा पवना, वेळेवर कापलेलं आणि नीट वाळवलेलं. वेळेवर हा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडचं डोंगरी गवत पावसाळा सरता सरता, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापतात. फुलोरा येता येता कापलं तर पानं आणि काडी दोन्ही मिळतात. उशीर झाला की बी गळतं, पानं झडतात आणि उरतात नुसत्या पिवळ्या काटक्या. त्याच माळावर कुसळी असते. तिची कुसळं ओल लागली की पीळ सोडत फिरतात आणि लोकरीत, कातडीत शिरतात. मेंढपाळांना त्याचा जाच माहीत आहे. सशाच्या हिरडीत किंवा डोळ्यात कुसळ गेलं तर ते काढायला भूल द्यावी लागू शकते. म्हणून भारा कितीही ताजा असो, मूठभर गवत ओंजळीत दाबून बघावं. टोचलं, की परत.

नाक सगळ्यात आधी. चांगल्या गवताला वाळल्या रानाचा गोडसर वास येतो. वासच येत नसेल तर गवत जुनं आहे. ससा ते खाईल, पण नाखुशीनं. कुबट, आंबूस किंवा तंबाखूसारखा उग्र वास आला तर पुढे बघायची गरज नाही. मग हात. पिशवीत कोपरापर्यंत हात घाला. आत किंचित जरी ऊब लागली तरी गवत ओलं बांधलं गेलंय आणि आत जिवाणू कामाला लागले आहेत. साठवायच्या गवतात ओलावा साधारण पंधरा टक्क्यांच्या आत हवा. वीसच्या वर गेला की गंजी तापते, आणि मोठी गंजी तर आपोआप पेटू शकते. घरी टक्के मोजता येत नाहीत, पण मूठभर काड्या पिळून बघता येतात. दोनचार पिळांत तुटल्या तर ठीक, नुसत्या वाकत राहिल्या तर ओल आहे.

धूळ डोळ्यांना दिसत नाही म्हणून फसवते. काळ्या कापडावर मूठभर गवत झटका. माती पडली तर चाळून घेता येईल. पांढरट भुकटी उडाली तर ती बुरशीची असण्याची शक्यता धरून चाला. ससा फक्त नाकानं श्वास घेतो, त्यामुळे धुळीचं गवत तोंडाशी घेऊन बसलेल्या सशाला शिंका लागतात आणि आपण सर्दीची औषधं शोधत बसतो.

रंगाला लोक फार मान देतात. मी त्याला शेवटी ठेवते. बाहेरचा थर उन्हानं पिवळा पडला असेल आणि आत हिरवट असेल तर काही बिघडलेलं नाही. तपकिरी, काळपट डाग मात्र पावसात भिजल्याचे असतात. त्याच वेळी तण निवडून काढावं. घाणेरीची पानं यकृताला घातक. गाजर गवत, ज्याची नोंद 1955 च्या सुमारास पुण्यातच झाली होती, आता प्रत्येक बांधावर आहे. वाळलं तरी त्याची बारीक चिरलेली पानं ओळखू येतात.

टिमोथी गवताच्या पाकिटांबद्दल मला नेहमी विचारतात. टिमोथी थंड हवेतलं गवत आहे, अमेरिका-कॅनडातून येतं, म्हणून महाग. चांगलं असतं यात वाद नाही. पहिल्या कापणीचं जाड काड्यांचं आणि भरपूर कणसांचं, दुसरीचं जास्त पानांचं, तिसरीचं एकदम मऊ. मोठ्या, धडधाकट सशाला पहिली किंवा दुसरी घ्यावी. तिसरी त्याला आवडते, पण तिच्यात तंतू कमी. पाकिटावर तारीख असते ती बहुधा पॅकिंगची, कापणीची नव्हे. मोठ्या गठ्ठ्यातून इथे भरलेलं पाकीट कालच्या तारखेचं असलं तरी आतलं गवत दोन हंगामांपूर्वीचं असू शकतं. पारदर्शक पाकिटात तळाशी चुरा साचलेला दिसला तर पैसे चुऱ्याचे जाताहेत.

चाऱ्याच्या दुकानात मी पेंडी सोडून दाखवायला सांगते, तीही वरची नाही, मधली. एकदा दुकानदार वैतागून म्हणाले, “ताई, म्हैस घेताना माणसं एवढं बघत नाहीत.” म्हशीला दाखवायला सगळे डॉक्टर आहेत, सशाला बघणारा शोधावा लागतो, एवढंच मी म्हटलं. पावसाळ्यात थोडं थोडं घ्यावं. प्लॅस्टिकमधून काढून सुती पिशवीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात, जमिनीपासून उंच ठेवावं. आणि धान्याला देतो तसं ऊन दाखवून बुरशीचं गवत सुधारत नाही. ऊन ओल घालवतं, बुरशीनं सोडलेलं विष तिथेच राहतं. अशी पिशवी कंपोस्टमध्ये.

नवं गवत जुन्यात मिसळत आठवडा-दहा दिवसांत बदलावं. मग पारख सशाकडे जाते. लेंड्या मोठ्या, गोल, फिकट तपकिरी आणि चुरडल्यावर आत गवताचे तंतू दिसणाऱ्या असतील तर गवत मानवलं. लहान, काळ्या, कडक झाल्या तर तो कमी खातोय. मऊ, चिकट घोस ट्रेमध्ये पडून राहिले तर खाणं गरजेपेक्षा सकस झालंय. एरवी ससा ते स्वतःच खाऊन टाकतो आणि आपल्याला दिसतही नाहीत. रोज त्याच्या स्वतःच्या आकाराएवढा ढीग समोर हवा. त्यातलं तो थोडं उधळणारच.

बारा तास काही खाल्लं नाही, किंवा लेंड्या थांबल्या, तर सकाळची वाट बघू नये. सशावर उपचार करणारे डॉक्टर आपल्या भागात कोण आणि रात्री कोण उचलतं, हे ससा आणायच्या आधीच विचारून ठेवावं.