घटक तेच, मांडणी निराळी

लखनौचा बडा इमामबाडा पाहावयास गेलेला प्रवासी वरच्या भूलभुलैयात रमतो. खालच्या दालनाकडे त्याचे फारसे लक्ष जात नाही. वास्तविक नवल आहे ते तेथेच. १७८४ च्या दुष्काळात नवाब आसफउद्दौला याने ही इमारत बांधावयास घेतली. दालन सुमारे ५० मीटर लांब व १५ मीटरांहून अधिक रुंद; तरी छताला एकही तुळई नाही. सामग्री म्हणजे लखौरी नावाच्या लहान, पातळ विटा आणि चुना. याच विटांचे सपाट छत केले असते, तर ते आपल्याच भाराने कोसळले असते. कमानीत मात्र प्रत्येक वीट शेजारणीला रेटते व सर्व भार बाजूंच्या जाड भिंतींत उतरतो. ताणाला कच्ची असलेली वीट दाब सोसण्यास समर्थ असते.

सूक्ष्म सृष्टीतही असेच घडते. दोन कार्बन, सहा हायड्रोजन व एक ऑक्सिजन एवढ्या अणूंपासून दोन भिन्न रेणू होतात. ऑक्सिजन कडेला, एका हायड्रोजनला धरून असेल, तर मद्यार्क होतो. तो ७८ अंश सेल्सियसला उकळतो. ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मध्ये बसला, तर उणे २४ अंशांवरच उकळणारे डायमिथिल ईथर होते.

विटा आणि अणू जागा अडवितात. स्वर अडवीत नाहीत. तेथेही मांडणीचा अंमल चालतो काय? लखनौमध्ये १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने मॅरिस संगीत महाविद्यालय निघाले. आज ते त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. मुंबईच्या या वकिलाने रागांची दहा थाटांत विभागणी केली. थाट म्हणजे सात स्वरांचा संच, घटकांची यादीच म्हणा ना! आता भूप व देसकार पाहा. दोहोंत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर. कल्याण व बिलावल या थाटांत भेद आहे तो केवळ मध्यमाचा, आणि मध्यम तर दोन्ही रागांत वर्ज्य. यादीवरून निर्णय होणे अशक्य. तरीही भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात व देसकार बिलावल थाटात घातला. भूपात गांधार वादी, चलन पूर्वांगात, वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची. देसकारात धैवत वादी, चलन उत्तरांगात, वेळ सकाळची. देसकार गाताना गांधारावर अंमळ अधिक मुक्काम झाला की भूप डोकावलाच.

थाटपद्धतीचा हा उणेपणा म्हणता येईल. आम्हांस त्यात कर्त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. यादी अपुरी पडली तेथे त्यांनी कानाचा कौल मानला. विद्यार्थ्याला म्हणूनच आरोह-अवरोहाबरोबर रागाची पकडही पाठ करावी लागते.