वसंतागमाचे पक्षी : काव्यसंकेत आणि काश्मीरची सरोवरे

वसंताची वर्दी कोकिळाने द्यावी, हा संकेत भारतीय साहित्यात इतका रूढ आहे की त्यामागील भूगोलाचा विचार सहसा होत नाही. दहाव्या शतकाच्या आरंभीच्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कविसमयांचे विवेचन केले. कोकिळाचे कूजन अन्य ऋतूंतही ऐकू येते. तरी कवीने ते वसंतातच वर्णावे, असा नियम त्याने नोंदविला. कोणत्याही जलाशयावर हंस दाखवावेत, हा संकेतही त्याने सांगितला. हे दोन्ही संकेत काश्मीर खोऱ्यातील सरोवरांच्या कसोटीवर घासून पाहणे उद्बोधक ठरते.

खोऱ्यात चाळीस दिवसांचा कडक हिवाळा, ‘चिल्लई कलान’, २१ डिसेंबरला सुरू होतो. त्यापुढील वीस व दहा दिवसांचे सौम्य टप्पे संपतात तोवर मार्च उजाडलेला असतो. या काळात वुलर, होकरसर, हैगाम येथील पाण्यावर तलवार बदके, थापट्या आणि करडे कलहंस मुक्कामाला असतात. वसंत लागला की ते उत्तरेकडे निघून जातात. म्हणजे या सरोवरांवर वसंताचे पहिले चिन्ह हे आगमन नसून प्रस्थान आहे. ‘मेघदूता’तील हंस पावसाळ्याच्या तोंडाशी मानसाकडे निघतात, प्रत्यक्षातील कलहंस त्यापूर्वीच, वसंतात, निघालेले असतात. कवीचा हंस आणि सरोवरावरचा हंस यांची पंचांगे अशी भिन्न आहेत.

पाठोपाठ येणाऱ्यांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. मार्चमध्ये माळभिंगरी येते. काश्मिरीत ती ‘कतिज’. ती माणसांच्या घरांतच घरटे बांधते. हुदहुद, म्हणजे ‘सतुत’, तिच्या मागेपुढेच दिसू लागतो. एप्रिल सरता सरता ‘पोशनूल’ येतो. मैदानातील कोकिळ मात्र या खोऱ्याचा नेहमीचा पक्षी नव्हे.

येथे भाषांतराचा प्रश्न उभा राहतो. पोशनूल म्हणजे मराठीतील हळद्या. महाराष्ट्रात तो बहुतांशी हिवाळी पाहुणा आहे. उन्हाळ्याच्या सुमारास तो उत्तरेकडे जातो. एकच जातीचा पक्षी एका भाषेच्या प्रदेशात निरोपाचा आणि दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात स्वागताचा ठरतो. काश्मिरी कवितेतील पोशनूलाच्या जागी मराठी अनुवादकाने कोकिळ घातला, तर वाचकाला वसंत मिळेल. परंतु बर्फ वितळल्यानंतरचा, फुलांनी उघडलेला तो विशिष्ट आठवडा हरवेल. हळद्या हा शब्द ठेवला, तर पक्षी अचूक राहील; त्याचा ऋतुभाव मात्र टीपेने सांगावा लागेल. ‘बुलबुल’ शब्दाची अडचण आणखी निराळी आहे. फारसी गझलेचा बुलबुल हा वेगळाच पक्षी. काश्मीरचा पांढऱ्या गालांचा बुलबुल वर्षभर तेथेच राहतो. त्यामुळे तो वसंताचा गायक होऊ शकतो, पाहुणा होऊ शकत नाही.

अशा पक्षिनोंदी साहित्याच्या अभ्यासकाला परक्या वाटण्याचे कारण नाही. बेट्स व लोथर यांचा काश्मीरच्या पक्ष्यांवरील ग्रंथ १९५२ सालचा आहे. त्यात काश्मिरात वीण करणाऱ्या पक्ष्यांचे वर्णन आहे. काश्मिरी कवितेच्या वाचकालाही त्याचा उपयोग व्हावा. अशा नोंदींची निकड आज वाढली आहे. वुलर व त्यास लागून असलेल्या दलदलींचे क्षेत्र १९११ साली सुमारे १५७ चौरस किलोमीटर होते. २००७ पर्यंत ते सुमारे ८६ वर आले. गाळ, शेती आणि विलो वृक्षांची लागवड ही त्याची प्रमुख कारणे. वुलरला १९९० मध्ये, होकरसरला २००५ मध्ये आणि हैगामला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला.

कविसमय पक्ष्यावाचूनही टिकतो. कोणत्याही पाण्यावर हंस बसविण्याची मुभा त्याला आहेच. ‘पोशनूल’सारख्या शब्दाला ती मुभा नाही. त्याचा अर्थ दरवर्षी एका ठराविक वेळी येणाऱ्या पक्ष्यावर उभा आहे. तो पक्षी यायचा थांबला, तर शब्द कोशात उरेल. त्यातला वसंत उरणार नाही.