ग्रहणाची घटका आणि हलणारी भुई

एकदा कीर्तन आटोपले, आरती झाली, बुक्का लावणे चालले होते. एक वृद्ध माळकरी जवळ येऊन म्हणाले, "महाराज, ग्रहण पंचांगातल्या वेळेला लागतं, त्यात देवाची योजना दिसते, असं तुम्ही सांगितलंत. मग किल्लारीला भुई हलली, ती कुणाची योजना?"

प्रश्न खरा होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक निजले असता, हजारो माणसे दगावली. आम्ही मात्र घाईने "ज्याचं त्याचं कर्म" असे बोलून गेलो. ते उत्तर आम्हांलाच टोचत राहिले. म्हणून हा विचार.

प्रथम व्यवस्था पाहू. नैयायिक म्हणतात, मडके आहे तर कुंभार आहे. तसे जग हे कार्य आहे, तर कर्ता आहेच. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त हे अनुमान मांडले. सांख्य विचारतो, कर्ता कशाला? वासरासाठी दूध आपोआप स्रवते, दुधाला कुठे ज्ञान आहे? शंकराचार्यांचे उत्तर असे की दूध जड असले तरी गाय जड नाही; तिच्या मायेने पान्हा फुटतो. उत्तर गोड आहे. तरी रामानुजाचार्य श्रीभाष्यात बजावतात, की नुसत्या अनुमानाने ईश्वर सिद्ध होत नाही, तेथे शास्त्रच प्रमाण. आणि खरेच, कुंभार एक की अनेक, दयाळू की निष्ठुर, हे मडके कुठे सांगते? मग ग्रहणाच्या गणितावरून विठ्ठल सिद्ध झाला, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे?

आता अव्यवस्था. धूमकेतू म्हणजे उत्पात, असे पूर्वी मानीत. हॅले या ज्योतिर्विदाने १६८२ सालचा धूमकेतू १७५८ च्या सुमारास परत येईल असे गणिताने सांगितले. तो स्वतः १७४२ त वारला; धूमकेतू १७५८ च्या अखेरीस आला! तेव्हा आपल्याला नेम कळला नाही, म्हणून नेमच नाही असे होत नाही. किल्लारीतही खडकात साठलेला ताण सुटला, आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, जड माळवदे निजलेल्यांवर कोसळली. नियम होता, दया मात्र त्या नियमात दिसत नाही.

मग हेतू कोणता? हेतू उणीव असलेल्याला असतो. ईश्वर पूर्णकाम, म्हणून ब्रह्मसूत्रे सृष्टीला लीला म्हणतात: मुळाशी चैतन्य आहे, पण आपल्यासारखी गरज नाही. ईश्वरावर विषमतेचा नि निर्दयतेचा आक्षेप येतो, त्याला शास्त्रात कर्माचे उत्तरही आहे. परंतु सज्जनहो, ते उत्तर स्वतःच्या दुःखाला लावावे. दुसऱ्याच्या ढिगाऱ्यापाशी उभे राहून उच्चारू नये. तेथे आमची चूक झाली.

आपण विठ्ठलाला अनुमानाने गाठत नाही, पायी चालत जाऊन भेटतो. तो सर्वांभूती आहे असे म्हणतो, तर ढिगाऱ्याखालीही तोच होता, आणि ढिगारा उपसणाऱ्या हातांतही तोच. त्या माळकऱ्यांना आज आम्ही एवढेच म्हणू, "बाबा, योजना आम्हांला दिसली नाही. पण अशा वेळी धावून जाणं, हे आपलं काम आहे, एवढं नक्की."

रामकृष्णहरी.