साबण मुलाच्या हाताला लागला पाहिजे

लहान मुलांना वारंवार होणारे जुलाब, अ प्रकारची कावीळ आणि जंत हे विकार प्रामुख्याने ज्या वाटेने पसरतात, तिला वैद्यकशास्त्रात विष्ठा-मुख मार्ग म्हणतात; म्हणजे एकाच्या शौचातील जिवाणू, विषाणू किंवा जंतांची अंडी हात, पाणी, अन्न, माश्या यांच्यामार्फत दुसऱ्याच्या तोंडात जातात. यांपैकी पाण्याची शुद्धता किंवा गावचे सांडपाणी एका कुटुंबाच्या हाती नसते, परंतु हात हा दुवा घरातल्या घरात तोडता येतो, आणि बोटे चोखणाऱ्या, खाली पडलेली वस्तू उचलून तोंडात घालणाऱ्या वयात तो तोडणे सर्वांत निकडीचे असते.

हातावरचा मळ त्वचेच्या तेलकट थराला चिकटलेला असल्याने नुसत्या पाण्याने तो पुरता सुटत नाही. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला, त्यामुळे चोळताना मळ व त्यातील जंतू सुटतात आणि वाहत्या पाण्याबरोबर निघून जातात. म्हणूनच साबणाइतकेच महत्त्व किमान 20 सेकंद चोळण्याला आणि वरून पाणी पडण्याला आहे. मातीने हात घासण्याची जुनी सवय मात्र सोडलीच पाहिजे, कारण त्या मातीतच जंतांची अंडी असू शकतात.

प्रस्तुत लेखिकेने जवळून पाहिलेल्या एका बालवाडीत खाऊच्या सुट्टीपूर्वी हात धुण्याचा नियम होता, भिंतीवर चित्रे होती, मुले हात धुण्याचे गाणेही तालात म्हणत. तरीही एका पावसाळ्यात मुले एकापाठोपाठ एक जुलाबाने आजारी पडू लागली, तेव्हा ती हात नेमके कसे धुतात याकडे प्रथमच लक्ष गेले. नळ मुलांच्या खांद्याहून उंच असल्याने पाणी कोपरापर्यंत ओघळून बाह्या भिजत, म्हणून सोयीसाठी पाण्याचा एकच टोप खाली ठेवला जाई, त्यात सगळी मुले रांगेने हात बुडवीत आणि एकाच टॉवेलला पुसत. साबणाची वडी भिजून वाया जाऊ नये म्हणून कपाटात ठेवलेली असे. जुलाबाचे कारण एवढेच होते असे तपासणीवाचून म्हणता येणार नाही, परंतु पहिल्या मुलाच्या हातावरचे जंतू त्या टोपातून शेवटच्या मुलापर्यंत जाऊ शकत होते, यात शंका नाही. टोप काढून टाकून तांब्याने वरून पाणी घालण्यास आरंभ झाला, साबणाचे तुकडे करून ते जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधले गेले, प्रत्येक मुलाने स्वतःचा हातरुमाल आणावा असे ठरले, आणि बाई स्वतः मुलांच्या शेजारी उभ्या राहून हात धुऊ लागल्या. त्यानंतर मुलांना आठवण करून देण्याची गरज झपाट्याने कमी झाली, कारण जाळीतला साबण इवल्या हातांतून निसटत नव्हता आणि बाईंचे पाहून अंगठा, बोटांच्या बेचक्या व नखांच्या कडा हे नेहमी सुटणारे भाग चोळले जाऊ लागले.

यावरून असे म्हणावे लागते की, जंतूंची भीती घालून मुलांना सवय लागत नाही. साबण व पाणी त्यांच्या हाताला लागेल असे ठेवून, शौचानंतर आणि जेवणापूर्वी या दोन ठरलेल्या वेळी मोठ्यांनी रोज बरोबर हात धुतले तर लागते. जाहिरातींतील महाग, जंतुनाशक म्हणवणाऱ्या साबणाचीही गरज नाही. कराचीच्या वस्त्यांमध्ये झालेल्या आणि 2005 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्या घरांना साबण पुरवून हात धुण्यास सातत्याने प्रवृत्त केले गेले, तेथे 15 वर्षांखालील मुलांमधील जुलाबाचे प्रमाण सुमारे 53 टक्क्यांनी आणि पाच वर्षांखालील मुलांमधील न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे 50 टक्क्यांनी कमी आढळले, आणि साधा साबण जंतुनाशक साबणाइतकाच उपयोगी ठरला. प्रवासात सॅनिटायझर चालेल. परंतु मळलेल्या हातांवर तो नीट काम करीत नाही, उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर त्याचा प्रभाव अपुरा असतो, आणि त्यातील अल्कोहोल पोटात गेल्यास मुलाला अपाय होतो, म्हणून त्याची बाटली मुलाच्या हाती देऊ नये.

पालकांनी आणखी एक गोष्ट पाळावी. जुलाब थांबल्यावरही काही दिवस मुलाच्या शौचातून विषाणू बाहेर पडत असतात. तेव्हा मूल खेळू लागले तरी त्याची शी धुणाऱ्याने, लंगोट बदलणाऱ्याने आणि त्याच्यासाठी भात कालवणाऱ्याने प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत.